आमचा रस्ता दप्तरातच नाही! (शहरालगतची गावं, ग्रामपंचायत आणि हद्दवाढ)

वेशीवरची (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. कोल्हापूर शहराची हद्द जिथं संपते तिथून आमचं घर चालत दहा मिनिटांवर. पाहुण्यांना पत्ता सांगताना आम्ही कोल्हापूरच सांगतो. पोरांची शाळा शहरात, यांची नोकरी शहरात, दवाखाना शहरात. घरपट्टी मात्र ग्रामपंचायतीला. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कुणाला बोल लावायला धागा काढलेला नाही, आणि शहराभोवतीच्या कितीतरी कॉलन्यांत हेच चाललंय हे मला माहीत आहे.

गेल्या आषाढात सासऱ्यांचं बीपी एकदम वाढलं. रात्री साडेनऊची वेळ, बाहेर धो धो पाऊस. अँब्युलन्स वीस मिनिटांत आली, पण डांबरी रस्त्याच्या कोपऱ्यावरच थांबली. ड्रायव्हर म्हणाला, "ताई, आत घातली तर चाकं रुततील, मग पेशंटला घेऊन जायचं कसं?" त्याचं काहीच चुकलं नव्हतं. मग शेजारच्या चौघांनी अण्णांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचललं. कोपऱ्यापर्यंत १८० मीटर. मध्ये दोनदा खुर्ची खाली टेकवावी लागली आणि दोन्ही वेळा तिचे पाय चिखलात वीतभर आत गेले. मी मोबाईलचा उजेड धरून पुढं चालत होते. अण्णा आता ठणठणीत आहेत, पण त्या रात्री त्यांनी खुर्चीचे हात कसे घट्ट धरले होते ते डोळ्यांसमोरून जात नाही.

दुसऱ्या आठवड्यात बारा वर्षांच्या घरपट्टीच्या पावत्या पिशवीत घालून पंचायतीत गेले. तिथल्या कर्मचाऱ्यानं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वहिनी, तुमचा रस्ता दप्तरातच नाही. दप्तरात नाही म्हणजे त्यावर खर्च टाकता येत नाही."

म्हणजे काय, हे मला खरंच कळलेलं नाही. रस्ता आहे, त्यावरून आम्ही बारा वर्षं चालतोय, कर भरतोय. गटरही नाहीच. मग तो कुणाचा? आणि कॉलनीत आता सगळे म्हणतायत की हद्दवाढ झाली की आपोआप सुटेल. खरंच सुटेल का? ज्यांना ठाऊक आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

---

सायबर चौक

ताई, सेम टू सेम. आमच्या कॉलनीत मागच्या वर्षी घरटी ३,००० रुपये काढून मुरूम टाकला. एका पावसात सगळा मुरूम वाहून खालच्या घराच्या दारात. वाचतोय.

---

पेठकर

अण्णा बरे आहेत हे वाचून बरं वाटलं.

मी मंगळवार पेठेतला, तीन पिढ्या इथंच. स्पष्ट लिहितो, राग मानू नका. कोल्हापूरची नगरपालिका १८५४ ची. १५ डिसेंबर १९७२ ला तिची महानगरपालिका झाली, आणि तेव्हापासून शहराचं क्षेत्रफळ ६६.८२ चौरस किलोमीटरच्या पुढं एक इंचही सरकलेलं नाही. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साधारण ५ लाख ४९ हजार होती. त्याच्या बाहेर शहरासारखीच घरं, अपार्टमेंट, मंगल कार्यालयं उभी राहिली, पण कागदावर ती सगळी खेडी. तुम्ही रोज शहरात येता, केएमटीनं (महापालिकेच्या बसनं) फिरता, रंकाळ्यावर बसता, त्या सगळ्याचा भार शहरातला करदाता उचलतो. आणि तुमच्याकडं अँब्युलन्स आत येत नाही. म्हणजे दोघांचंही नुकसान.

सांडपाण्याचं जाळं, मोठे रस्ते, कचरा प्रक्रिया, अग्निशमन ही ग्रामपंचायतीच्या आवाक्यातली कामं नाहीत. तिथं इंजिनिअरच नसतो. एवढ्या मोठ्या वस्तीला एक ग्रामसेवक कसा पुरणार? म्हणून म्हणतो, हद्दवाढ हाच उपाय आहे.

---

मळेकरी

पेठकर दादा, तुमचं म्हणणं आयकलं. आता आमचं बी आयका.

आमच्या गावात अजून दोनशे घरं शेतीवर हायत. ऊस हाय, म्हशी हायत. हद्दीत गेलो की पयली घरपट्टी वाढणार, मग शेतावर आरक्षणं पडणार. बगीचा, शाळा, रस्ता अशी लेबलं लावून जमीन वीस वीस वर्सं अडकून पडती, इकता येत न्हाई की बांधता येत न्हाई. ह्ये आमी शेरातल्या आमच्याच पावण्यांच्यात बघितलंय. गोठा गावात चालतो, शेरात त्याला नोटीस येती.

आनि दुसरं. माझ्या दारातला दिवा गेला तर मी सदस्याच्या घरात जाऊन त्याला जेवताना उठवू शकतो. तो माझ्या भावकीतला हाय, उद्या त्याला बी माझ्या दारात यायचं असतंय. शेरात नगरसेवक २०१५ ला ८१ निवडून आले. साडेपाच लाख माणसाला ८१, म्हंजी एकामागं पावणेसात हजार माणूस. मला कोन वळखणार तितं?

शेरातनं कोन म्हंत्यात, हद्दवाढीला इरोध करताय तर केएमटी बंद करतो, पाणी तोडतो. असं बोलल्यावर मन तुटतंय बगा. रोज दूध आमच्या गावातनंच येतंय की तुमच्यात.

---

वेशीवरची

मळेकरी मामा, तुमचं वाचून वाटलं की आमच्या कॉलनीतलं कुणी सदस्याच्या घरी गेलेलंच नाही. आम्हाला आमचा सदस्य कोण तेही नीट माहीत नव्हतं. बारा वर्षांत मी एकाही ग्रामसभेला गेलेली नाही. हे लिहिताना वाईट वाटतंय, पण खरं आहे.

---

कागदपत्री

मी ग्रामसेवक म्हणून नोकरी करून निवृत्त झालो. (आता या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात.) ताईंच्या मूळ प्रश्नाकडं येतो, कारण चर्चा हद्दवाढीकडं गेली की नेहमी असंच होतं, मूळ रस्ता चिखलातच राहतो.

ग्रामपंचायतीचं दप्तर म्हणजे नमुना १ ते ३३. त्यातला नमुना ८ म्हणजे कर आकारणीची नोंदवही. तुमचं घर त्यात आहे म्हणून तुम्हाला घरपट्टी येते. पण नमुना ८ ला नोंद असणं म्हणजे बाकी सगळं कायदेशीर आणि पंचायतीच्या ताब्यात असणं नव्हे. विनापरवाना घराचीसुद्धा आकारणी होते. लोक इथंच चुकतात. पावती दाखवतात आणि म्हणतात, बघा, आमचा रस्ता तुमचाच.

रस्त्यांची नोंदवही वेगळी, नमुना २३. त्यात रस्त्याचं नाव, कुठून कुठपर्यंत, लांबी, रुंदी, कसला रस्ता, असं सगळं असतं. जो रस्ता २३ ला नाही तो पंचायतीच्या लेखी खासगी जागा. खासगी जागेवर सरकारी पैसा टाकला तर लेखापरीक्षणात आक्षेप येतो आणि ती रक्कम अधिकाऱ्याच्या आणि सरपंचाच्या अंगावर वसूल लागू शकते. म्हणून कर्मचारी हात आखडतो. तो आडमुठा आहे असं समजू नका.

तुमचा रस्ता २३ ला का नाही? बहुतेक असं झालं असणार: मूळ जमीनमालकानं प्लॉट पाडले, विकले, पण लेआउटमधले (प्लॉटच्या मंजूर नकाशातले) रस्ते आणि ओपन स्पेस ग्रामपंचायतीला हस्तांतरित केलेच नाहीत. सातबारा काढून बघा. रस्त्याचं क्षेत्र आजही त्याच्याच, नाहीतर त्याच्या वारसांच्या नावावर निघेल.

आता काय करायचं ते सांगतो.

आधी मंजूर लेआउटची नक्कल मिळवा. तुमच्यापैकी कुणीतरी बँकेचं कर्ज काढलं असेल, त्याच्या फाईलला ती असतेच. मग पंचायतीत अर्ज देऊन नमुना २३ बघायला मागा. दाखवला नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा, दहा रुपयांचं तिकीट लागतं आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पण आधी तोंडी आणि गोडीत मागा, शंभरातले नव्वद जण दाखवतात. त्यानंतर मूळ मालक किंवा वारस यांच्याकडून रस्त्याचं हस्तांतर लेखी करून घ्या, बक्षीसपत्र (जागा विनामोबदला दिल्याचा दस्त) झालं तर उत्तम. आणि मग ग्रामसभेत ठराव. मासिक सभेतही विषय घेता येतो, पण ग्रामसभेचा ठराव असला की पुढं कुणी मागं फिरवत नाही.

एक गोष्ट विसरू नका. नकाशावर रस्ता नऊ मीटर असेल आणि जाग्यावर सात भरत असेल तर नोंद अडते. टेप घेऊन आधी तुम्हीच मोजा.

---

सायबर चौक

काका, हे आधी कुणी का सांगितलं नाही आम्हाला! प्रिंट काढून कॉलनीच्या ग्रुपवर टाकतोय.

---

वॉर्ड चार

मी एका शेजारच्या ग्रामपंचायतीत सदस्य आहे, पहिलीच टर्म. महिला राखीव जागेवरून निवडून आले. राज्यात २०११ पासून पंचायतींमध्ये निम्म्या जागा बायकांना आहेत म्हणून मी तिथं बसले, नाहीतर आमच्या घरातून माझं नाव पुढं आलं नसतं.

पेठकर काकांनी एक ग्रामसेवक कसा पुरणार असं लिहिलं, ते बरोबरच आहे. त्यात अजून एक घाला. ग्रामपंचायतीत सदस्य कमीत कमी सात आणि जास्तीत जास्त सतरा. लोकसंख्या साडेसात हजारांच्या वर गेली की सतरा, आणि मग ती आठ हजार असो की तीस हजार, सतराच. म्हणजे मळेकरी मामा म्हणतात तशी ओळखदेख लहान गावात टिकते. शहराला चिकटलेल्या, फुगलेल्या गावात आमच्यासारख्यांनाही माणसं ओळखत नाहीत.

पैशाचं सांगते. आमच्याकडं मुख्य रक्कम येते ती केंद्राच्या वित्त आयोगाची. पंधराव्या आयोगात तिचे दोन भाग होते, ६० टक्के बंधित आणि ४० टक्के अबंधित. बंधित म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायचा. रस्त्याला तो हात लावता येत नाही, पण सांडपाण्याच्या गटारीला लावता येतो! त्यामुळं तुमचं गटर आणि तुमचा रस्ता हे दोन वेगळे अर्ज करा. उरतं ते आमचं स्वतःचं उत्पन्न, घरपट्टी, पाणीपट्टी. त्यातले १५ टक्के मागासवर्गीय वस्तीसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणाला, ५ टक्के दिव्यांगांना. मग पगार, लाईटबिल, पंपाची दुरुस्ती. रस्त्याला राहतं ते अगदी थोडं. म्हणून रस्ते आमदार फंडातून नाहीतर जिल्हा परिषदेतून आणावे लागतात, आणि तिथंही पहिला प्रश्न हाच: रस्ता २३ ला आहे का?

खर्च कुठं झाला ते बघायचं असेल तर ई-ग्रामस्वराज नावाचं सरकारी पोर्टल आहे. जिल्हा, तालुका, गाव आणि वर्ष निवडलं की आराखडा आणि दिलेली बिलं दिसतात. आमच्या गावातल्या एका पोरानं ते मोठ्या पडद्यावर ग्रामसभेत लावलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा लोक शेवटपर्यंत बसले.

आणि ताई, ग्रामसभेला गणपूर्ती लागते. मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातलं जे कमी असेल ते. मोठ्या गावात शंभर पुरतात. पण शंभरही येत नाहीत! मग सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. पंधरा-वीस माणसं येऊन गावाचे निर्णय घेऊन जातात. तुम्ही कॉलनीतून शंभर माणसं आणा. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते, तिथं बायकांनी विषय मांडा. तिथं आम्हालाही बोलायला धीर येतो.

---

पुण्यातला कोल्हापुरी

मी मूळचा करवीर तालुक्यातला, आता पुण्याच्या कडेला एका समाविष्ट गावात राहतो. पुणे महापालिकेत २०१७ ला ११ गावं गेली, २०२१ ला आणखी २३. म्हणजे तुम्ही ज्याची वाट बघताय ते आम्ही बघून झालोय.

चांगलं आधी. परवानग्या, नकाशे, अग्निशमन यांत शिस्त आली. कर एकदम अंगावर पडत नाही, टप्प्याटप्प्यानं वाढत जातो. मोठ्या जलवाहिन्यांची कामं पंचायतीच्या काळात स्वप्नातही शक्य नव्हती.

पण आमच्या सोसायटीपुढचा रस्ता अजून तसाच आहे. का? कारण तोही आधीच्या दप्तरात नव्हता, म्हणून हस्तांतराच्या यादीत आला नाही. पंचायत महापालिकेत जाते तेव्हा तिच्या नोंदवह्या जातात. ज्याची नोंद नाही ते महापालिकेलाही दिसत नाही. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं तर कराच्या आणि सोयींच्या तक्रारींवरून पुन्हा बाहेर पडली, त्यांना स्वतंत्र नगरपरिषद मिळाली.

त्यामुळं हद्दवाढ होवो न होवो, कागदपत्री काकांनी सांगितलेलं काम आजच करून ठेवा. पुढं कुठंही गेलात तरी तो कागद तुमच्याबरोबर येईल.

---

कागदपत्री

पुणेकरांशी शंभर टक्के सहमत. नगरपरिषदेचा विषय निघालाच आहे तर, हुपरी आणि शिरोळ ही आपल्याच जिल्ह्यातली उदाहरणं, ग्रामपंचायतीच्या नगरपरिषदा झाल्या. सगळी वाट महापालिकेकडंच जाते असं नाही. लोकसंख्या, शेतीबाहेरचा रोजगार असे निकष आहेत. शहराभोवतीच्या मोठ्या गावांनी यावर शांतपणे बसून विचार करायला हवा.

---

पेठकर

पुणेकरांचा प्रतिसाद दोनदा वाचला. रस्त्याच्या नोंदीचा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता, तो मान्य.

मळेकरी, केएमटी तोडण्याची भाषा मलाही पटत नाही. आमच्या घरातसुद्धा दूध तुमच्याकडूनच येतं. एक गोष्ट मात्र शहराच्या बाजूनंही सांगायला हवी. नोव्हेंबर २०२० मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढं पाच वर्षं निवडणूकच झाली नाही. प्रशासकांच्या हाती कारभार. त्या काळात आमच्या गल्लीतलं ड्रेनेज तुंबलं की आम्ही माजी नगरसेवकाकडं जायचो, तोही म्हणायचा मी आता कोण? तेव्हा जाणवलं की निवडलेला माणूस दाराशी असणं किती मोठी गोष्ट आहे. तुमच्या सतरा जणांची किंमत मला तेव्हा कळली.

हद्दवाढ हवीच, हे माझं मत अजून तेच आहे. पण ती गावांना बरोबर घेऊन व्हावी. २०१७ ला ४२ गावांचं प्राधिकरण केलं तेव्हा तेच ठरलं होतं की शहर आणि गावं मिळून विकास करायचा. नाव मोठं झालं, पण चिखल काही हटला नाही, हे ताईंच्या रस्त्यावरून दिसतंच आहे.

---

मळेकरी

पेठकर दादा, ह्ये वाचून बरं वाटलं. एकदा आमच्या मळ्याकडं या, गुऱ्हाळ सुरू झालं की सांगतो.

---

कृष्णाकाठ

मी शिरोळ तालुक्यातून. तुमच्या खाली, नदीच्या उताराला.

दोन गोष्टी लिहायच्या आहेत. पहिली ग्रामसभेच्या ताकदीबद्दल. आमच्याच तालुक्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. एका गावाच्या ठरावानं सरकार हललं. माझी आई विधवा आहे. तो ठराव तिला वाचून दाखवला तेव्हा ती काही बोलली नाही, नुसती कागदावरून हात फिरवत राहिली. त्यामुळं ग्रामसभेत काय होतंय असं मला कुणी म्हटलं की मी गप्प बसत नाही.

दुसरी गोष्ट तुमच्या गटारीची. ताई, तुमचं पाणी जाणार कुठं? शहराभोवतीच्या वस्त्यांचं सांडपाणी ओढ्यात, ओढा पंचगंगेत, आणि पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळेपर्यंत ते आमच्या गावांजवळून जातं. २०१२ ला इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं गेली, ते आम्ही विसरलेलो नाही. उन्हाळ्यात नदीला फेस येतो, मासे मरून वर येतात. गटर करून घ्या, तुमचा हक्क आहे. पण ती ओढ्यात नेऊन सोडू नका एवढी कळकळीची विनंती.

---

वेशीवरची

सगळ्यांचे मनापासून आभार. थोडी प्रगती सांगते.

गेल्या सोमवारी आम्ही तिघीजणी पंचायतीत गेलो. त्याच कर्मचाऱ्यानं कपाटातून लाल कापडात बांधलेली नोंदवही काढली, फुंकर मारून धूळ उडवली आणि आमच्यापुढं ठेवली. काकांनी सांगितलं होतं अगदी तसंच. एकेका ओळीत एकेक रस्ता. गावठाणातल्या बोळांची नावं वाचताना मजा वाटली, मारुती मंदिर ते विहीर, तालीम ते पाण्याची टाकी. आमच्या कॉलनीच्या अलीकडचा रस्ता आहे, आणि तिथून पुढं कोरं पान. मी त्या कोऱ्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "इथं आमचं नाव यायला काय लागेल?" तो म्हणाला, "लेआउट, मालकाचं लिहून, आणि ठराव." एका मिनिटात सांगितलं. बारा वर्षांत आम्ही विचारलंच नव्हतं.

लेआउटची नक्कल समोरच्या घरातल्या गृहकर्जाच्या फाईलीत मिळाली. नकाशावर रस्ता नऊ मीटर. रविवारी टेप धरला तर दोन ठिकाणी आठ आणि आमच्या दारापुढं आठ मीटर चाळीस सेंटिमीटर. आमच्याच दोन पायऱ्या रस्त्यात आल्या होत्या. यांनी त्याच संध्याकाळी गवंड्याला बोलावून त्या फोडल्या. ते बघून बाकीच्या दोन घरांनीही कट्टे काढले, कुणाला सांगावं लागलं नाही.

मूळ मालक वारले आहेत. तीन वारस आहेत, त्यातली एक लेक मिरजेला दिलेली. ती म्हणाली, "सही करते, पण बाबांचं नाव रस्त्याला द्याल का?" आम्ही सगळे हो म्हणालो.

कृष्णाकाठ, तुमच्या प्रतिसादानं मला झोप लागली नाही. गटारीचं पाणी कुठं जाणार हे आम्ही ठरवलेलंच नव्हतं. सगळ्यांच्या मनात ओढाच होता.

---

मळेकरी

वहिनी, वड्यात सोडायचं न्हाई. वड्याच्या कडंला कुनाची तर इहीर असती. आमच्यात आसंच झालं, वरच्या कॉलनीचं पाणी इहिरीत मुरलं, आता जनावरंबी त्वांड लावत न्हाईत. शेवटाला मोठा शोषखड्डा नायतर टाकी करायचं अंदाजपत्रकातच घाला. मागनं कोन करत न्हाई.

---

वॉर्ड चार

मामा बरोबर सांगतायत. शोषखड्डा, स्थिरीकरण तळं ही सांडपाणी व्यवस्थापनाची कामं आहेत, बंधित निधीत बसतात. ठरावातच शब्द घाला: "गटर व शेवटी सांडपाण्याची विल्हेवाट." नुसतं गटर लिहिलंत तर नुसतं गटर होईल.

---

वेशीवरची

ग्रामसभा झाली! सविस्तर लिहिते.

आदल्या दिवशी महिला सभा होती. आम्ही कॉलनीतून बत्तीसजणी गेलो. गावठाणातल्या बायका सुरुवातीला जरा लांब बसल्या होत्या. मी खुर्चीचा प्रसंग सांगितला तेव्हा एक आजी उठून म्हणाल्या, "माझ्या सुनेला असंच बाजेवरनं नेलंतं, चाळीस वर्षांमागं. तवा ह्यो मेन रोडबी नव्हता." मग त्यांनीच आमचा विषय उद्याच्या सभेत पहिला घ्यावा असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मंदिराच्या मंडपात सभा. शिपाई हजेरीचं रजिस्टर घेऊन फिरत होता. मी मोजत होते. अकरा वाजता ६४. सव्वाअकराला ८१. सरपंच घड्याळ बघायला लागले. तेवढ्यात रात्रपाळी करून आलेली आमची चार पोरं तशीच, डबे हातात घेऊन आली, त्यांच्यामागून गावठाणातल्या त्या आजी सात-आठ बायकांना घेऊन. साडेअकराला १०७ सह्या झाल्या. शिपायानं रजिस्टर मिटलं आणि सरपंचांकडं बघून मान हलवली. मला रडू आलं.

आमच्या विषयाला एका शेतकऱ्यानं हरकत घेतली. ओढ्याच्या कडेला त्यांची विहीर आहे. अगदी मळेकरी मामांचे शब्द. पण आम्ही तयार होतो. शेवटच्या मोकळ्या जागेत शोषखड्डा, ओढ्यात एक थेंब नाही, हे ठरावातच लिहून आणलं होतं. ते त्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "लिहिलंय तसं केलंसा तर माझी हरकत न्हाई, पण खड्डा खोदताना मला बोलवायचं." ते वाक्यसुद्धा त्यांच्या सांगण्यावरून इतिवृत्तात घेतलं.

ठराव मंजूर. वारसांचं बक्षीसपत्र पुढच्या आठवड्यात. त्यानंतर नमुना २३ ला नोंद होईल आणि गटर पुढच्या वर्षीच्या आराखड्यात. म्हणजे येत्या पावसाळ्यात चिखल असणारच आहे. पण सरपंचांनी पावसाआधी पंचायतीकडून खडी टाकून देतो असं सभेत सांगितलं.

---

पेठकर

वहिनी, वाचून छाती भरून आली. आमच्या गल्लीत मी हा धागा मोठ्यानं वाचून दाखवला.

---

सायबर चौक

आमचं लेआउट सापडलं! मालक हयात आहेत, रविवारी भेटायला जातोय. काका, बक्षीसपत्राला मुद्रांक किती लागतो?

---

कागदपत्री

ते दुय्यम निबंधक कार्यालयातच विचारा, रक्कम ऐकीव माहितीवर धरू नका. जाताना सातबारा, लेआउट आणि सगळ्या वारसांची ओळखपत्रं घेऊन जा. एक वारस जरी राहिला तरी परत फेरी पडते.

ताई, नोंद झाली की नमुना २३ ची सहीशिक्क्याची नक्कल काढून ठेवा आणि तिच्या दोन झेरॉक्स वेगवेगळ्या घरांत ठेवा.

---

मळेकरी

वहिनी, एक इचारतो. तुमच्या त्या मोकळ्या जागंचा उतार कुठल्या बाजूला हाय? आनि माती काळी का मुरमाड? काळ्या मातीत शोषखड्डा पाणी पीत न्हाई, भरून वर येतो. आधी कंबरंएवढा खड्डा काढा, पाणी भरा आनि दुसऱ्या दिवशी बगा किती उतरलंय.

---

वेशीवरची

मामा, वरून काळी आहे, खाली मुरूम लागेल असं विहीरवाले काका म्हणतात. शनिवारी सकाळी तेच कुदळ घेऊन येणार आहेत. पाणी किती उतरलं ते रविवारी इथंच लिहिते.